भूपालअण्णांची काठी मागं कुठवर जायची

गोल्फ ज्यानं खेळतात त्याला क्लब म्हणतात, आणि जिथं खेळतात त्यालाही क्लबच म्हणतात. हा घोळ आम्ही पहिल्याच आठवड्यात निकालात काढला. खेळायची ती काठी, आणि खेळायचा तो माळ. माळ शहराबाहेर, उसाच्या पट्ट्याला लागून. गवत पावसाळ्यात हिरवं, एरवी तपकिरी. चेंडू उसात गेला तर तो कारखान्याचा.

चेंडू मारायच्या आधी काठी मागं न्यावी लागते. त्याला बॅकस्विंग म्हणतात. शहाण्या माणसाची काठी खांद्यापर्यंत जाते आणि तिथून खाली येते. भूपालअण्णा मगदुमांची काठी खांद्यापर्यंत जाऊन थांबली असती, तर मी ही गोष्ट लिहायलाच घेतली नसती.

अण्णांची काठी खांदा ओलांडायची, डोकं ओलांडायची, पाठीवरून खाली उतरायची, कंबरेला वळसा घालून डाव्या बगलेतून तोंड बाहेर काढायची, चेंडू अजून जागेवर आहे का ते बघायची आणि मग आल्या वाटेनं माघारी फिरायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माळावर येऊन कुणालाही विचारावं. सगळे माझ्यापेक्षा जास्तच सांगतील.

या प्रवासाला वेळ लागायचा. आमच्यातले उदयसिंहराव शाहूवाडीकडचे, त्यांची तिकडं दुधाची डेअरी. त्यांना सगळे बापू म्हणतात. अण्णांची काठी वर निघाली की बापू डेअरीला फोन लावायचे, आज फॅट किती लागली ते विचारायचे, मॅनेजरला झाडायचे, मग त्याचं मन राखायला दोन गोड शब्द बोलायचे, आणि फोन खिशात घालायचे तेव्हा कुठं काठी खाली यायला लागलेली असायची. काही लोक सांगतात की काठी वर जाताना खालच्या रस्त्यानं गडहिंग्लजला निघालेली एसटी, फटका बसेपर्यंत परत आलेली दिसायची. ते खोटं आहे. एसटी फक्त कागलपर्यंत जाऊन यायची.

एवढं लांबून आणून अण्णांचा फटका लागायचा कसा? लागला तर चेंडू दिसेनासा व्हायचा. पण दहात एखादा. बाकीच्या वेळी काठी इतकी दमून यायची की चेंडूशेजारची माती उकरून गप बसायची.

आता ही खोड आली कुठून? अण्णांचा जन्म गुळाच्या व्यापारात गेला. मार्केट यार्डात त्यांची पेढी होती, आता मुलगा बघतो. गिऱ्हाईकाला किलोभर गूळ द्यायचा तर अण्णा काटा बरोबर झाल्यावर वर एक खडा टाकायचे. पुन्हा गिऱ्हाईकाच्या लहान पोराच्या हातात एक. कुणी रस्ता विचारला तर अण्णा त्याला अर्ध्या वाटेपर्यंत सोडून यायचे. कुठलीच गोष्ट बेतानं करायची या माणसाला सवय नव्हती. मी एकदा त्यांना म्हटलं, "अण्णा, काठी जरा कमी मागं न्या की."

तर म्हणाले, "तात्या, कमी घिऊन मारायचं म्हंजे चेंडूला माप मारल्यागत वाटतंय. माझ्या हातनं हुईत न्हाई."



बाकीच्या देशांत गोल्फ खेळताना म्हणे मारणाऱ्यापासून सगळे लांब उभे राहतात आणि श्वाससुद्धा मोजून घेतात. आमच्यात तसलं काही नाही. कुणी मारायला उभा राहिला की आम्ही त्याच्याभोवती रिंगण करतो आणि सल्ले देतो. "गुडघा वाकीव." "नाक चेंडूकडं." "त्या लिंबाच्या डाव्या अंगानं घाल." गप्प उभं राहिलं तर मारणाऱ्याला वाटतं, आपल्यावर कुणी रुसलंय.

या रिंगणानंच घात केला. माघ सरताना एका सकाळी बापू अण्णांच्या अगदी मागं उभे राहून "खांदा सोड, खांदा सोड" करत होते. अण्णांची काठी पाठीमागून उतरताना बापूंच्या नाकावरचा सोनेरी काड्यांचा चष्मा अलगद उचलून घेऊन गेली. नाकाला ओरखडासुद्धा नाही. काठी चष्म्यासकट बगलेतून फिरली, माघारी गेली, वर चढली आणि खाली आली. चेंडू राहिला जागेवर, चष्मा गेला ग्रीनवर. ग्रीन म्हणजे जिथं भोक असतं ती सपाट केलेली जागा. चष्मा भोकापासून हातभर अंतरावर पडला. अण्णांचा त्या वर्षातला सगळ्यात चांगला फटका तोच.

पण बापू पेटले. चष्म्याचं त्यांना काही नव्हतं. चष्मा भोकाशेजारी पडल्यावर अण्णा आनंदानं "भारी गेला की!" म्हणाले, ते त्यांना लागलं. त्यांनी क्लबाचा सेक्रेटरी राजवर्धन याच्याकडं तक्रार केली. राजवर्धन आमच्या मुलांच्या वयाचा, परदेशात राहून आलेला, नियमांचा भोक्ता. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला.

"येत्या रविवारी दुपारी अण्णा सगळा माळ खेळतील. मी सोबत असणार. काठी एकदा जरी खांद्याच्या वर गेली, तर सोमवारपासून अण्णांनी पहाटे, बाकीचे यायच्या आधी, एकट्यानं खेळायचं. रिंगणाजवळ यायचं नाही."

गोल्फ हा खेळ अर्ध्या दिवसाचा. त्यात चेंडू मारायचा भाग चिमूटभर. बाकी सगळं चालणं, बोलणं, एकमेकांची उणीदुणी काढणं आणि शेवटी कट्ट्यावर बसून चहा. एकट्यानं खेळायचं म्हणजे त्यातली चिमूट तेवढी घ्यायची आणि बाकी टाकून द्यायचं. अण्णा वाद घालतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग 'भारी मारला' म्हणायला कोण असणार?"

 बापू उसाकडं बघत राहिले.

त्या आठवड्यात अण्णांच्या घरात काय काय झालं ते ऐका. मुलानं पुण्याहून शिकवणारा बोलावला. हळू बोलणारा, टापटीप माणूस. त्यानं अण्णांना माळावर नेलं, काखेत टॉवेल दिला आणि सांगितलं, टॉवेल पडला की समजायचं काठी जास्त मागं गेली. टॉवेल पडला नाही. तो काठीबरोबर वर गेला, पलीकडच्या उसात उतरला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या काट्यावर मोळीत सापडला. मग त्यानं अण्णांचा दंड रबरी पट्ट्यानं छातीला बांधला आणि पट्ट्याचं टोक स्वतः धरलं. अण्णांनी जोर केला तेव्हा पट्टा तुटला नाही, शिकवणाराच दोन पावलं ओढला गेला. संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला. आता म्हणे बुद्धिबळ शिकवतो.

अण्णांची बायको अक्काताई. त्यांनी वेगळा उपाय काढला. म्हणाल्या, "घरातच करा की सराव. छत हाय वर, पंखा हाय. जाऊन जाऊन जाईल कुठं काठी?" काठी पंख्यापर्यंत गेली. पंख्याचं एक पातं असं वाकलं की तो पंखा तेव्हापासून वारा फक्त देवघराकडं सोडतो.

शनिवारी मी भेटायला गेलो तर अण्णा बाहेरच्या सोप्यात बसले होते, काठी मांडीवर आडवी. म्हणाले, "तात्या, उद्या मनाला दोरी लावणार. खांदा आला की दोरी वढायची."

"जमंल?"

"जमवायला लागंल की. पहाटं उठून त्या माळावर मी एकटा काय करू? टिटव्यांशी बोलू?"

रविवारी दुपारी माळावर जत्रा. बातमी पसरली होती, खेळणारे आले, न खेळणारे आले. राजवर्धन पांढरी टोपी घालून अण्णांच्या बाजूला, खांद्याची रेघ नजरेनं धरून उभा. बाकीच्यांना त्यानं लांब उभं केलं. बापू तर सगळ्यांच्या मागं, नवा चष्मा दोन्ही हातांनी धरून.

अण्णांनी मनाला दोरी लावली होती हे खरं. काठी खांद्याजवळ यायची, थरथरायची आणि तिथून खाली यायची. पण त्या फटक्यात जीव नव्हता. चेंडू दोन उड्या मारायचा आणि बसायचा. अण्णा चालत जायचे, पुन्हा मारायचे, पुन्हा दोन उड्या. एकेका भोकाला इतके फटके लागले की मोजणाऱ्यानं मोजणं सोडून दिलं. नियम मात्र मोडला नाही. कुणी "भारी" म्हणत नव्हतं, कुणी "गुडघा वाकीव" म्हणत नव्हतं. एवढ्या माणसांत अण्णा आतापासूनच एकटे दिसत होते.

असं करत शेवटच्या भोकापाशी आलो. ही जागा माळाचं नाक. चेंडू ठेवायचा तो उंचवट्यावर, पुढं ओढा, ओढ्याच्या पलीकडं ग्रीन, डाव्या हाताला ऊस, आणि समोर लांबवर पन्हाळ्याच्या अंगाला उतरणारं ऊन. या जागेवर उभं राहिलं की कुणालाही जोरात मारावंसं वाटतं. हा एक फटका खांद्यातून मारला की सुटले, असा आम्ही सगळ्यांनी मनात हिशेब केला.

अण्णांनी चेंडू ठेवला. ओढ्याकडं बघितलं, पलीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं. आणि त्यांच्या तोंडावर जुनं हसू आलेलं मला दिसलं. 

काठी निघाली. खांदा आला. खांदा गेला. दोरी तुटली होती. काठी डोक्यावर चढली, पाठीमागं झुकली. राजवर्धननं हात वर केला, "संप—"

पुढचं अक्षर त्याच्या तोंडातच राहिलं. उसाच्या बाजूनं घूं असा आवाज आला. बघतो तर हवेतून एक काळा ढग माळावर चाललेला. मधमाश्यांचं सगळं गाव घर बदलायला निघालं होतं. सातेरी जातीच्या माश्या, स्वभावानं गरीब. आग्या असत्या तर ही गोष्ट लिहायला मी उरलो नसतो. घर बदलताना माश्या वाटेत कुठंतरी फांदीला टेकतात, थोडा दम खातात, आणि त्यांच्यातल्या हुशार माश्या पुढं जाऊन नवी जागा बघून येतात. पण आमच्या माळावर त्या बाजूला झाड नाही. उंच, आडवी आणि बराच वेळ न हललेली वस्तू एकच होती.

माश्यांनी अण्णांची काठी फांदी समजली.

आम्ही सगळे आडवे पडलो. राजवर्धन आडवा पडला नाही, तो पळाला. बापू त्याच्या पुढं होते, ओढ्याकाठच्या पंपाच्या खोलीआड शिरले. डोकं वर करून बघतो तर काठीच्या टोकाला माश्यांची लोंबती थैली, गुळाच्या ढेपेएवढी, आणि खाली अण्णा, हात वर, पाय रोवलेले, नुसते डोळे फिरवत.

"तात्या," ते ओठ न हलवता म्हणाले, "काय बसलंय वं वर?"

"अण्णा, हलू नका. माश्या हायत."

"किती?"

"सगळ्या."

अण्णांनी थोडा विचार केला. "काठी जड झाल्यागत वाटत हुतंच."

मागनं कुणीतरी ओरडलं, "अण्णा, काठी टाका आन् पळा!"

"टाकली तर खालच्या चिरडत्याल की."

"मग धूर करू या!"

"धूर केलासा तर तुमचं माझं बोलणं संपलं," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण कुणी काडेपेटी काढली नाही. अण्णा जैन. त्यांच्या घरात मधाची बाटलीसुद्धा येत नाही, कारण मध काढायचा म्हणजे पोळं मोडणं आलं. असा माणूस माश्यांचं गाव जमिनीवर कसं आपटणार?

"पण अण्णा, किती वेळ उभं ऱ्हाणार?"

"त्यास्नी घर मिळस्तवर. आपुन घर बदलताना टेम्पोवाला मधीच पळून गेला तर कसं वाटंल?"

म्हणून अण्णा उभे राहिले. आम्ही उठून, कपडे झाडून, लांब लांब उभे राहिलो. माश्या निवांत. एखादी उडायची, अण्णांच्या कानाजवळून फेरी मारून परत बसायची. ऊन उतरत होतं. थोड्या वेळानं अण्णांच्या दंडांना कापरं भरलं. काठी हलली तशी थैली हलली, आणि आवाज वाढला.

तेव्हा पंपाच्या खोलीआडून बापू बाहेर आले. चष्मा काढून खिशात घातला. वाकून, मांजराच्या पावलानं, थेट अण्णांच्या मागं गेले. चष्मा गेला तेव्हा उभे होते तिथंच. आणि आपला खांदा अण्णांच्या उजव्या कोपराखाली दिला.

"टेक," बापू म्हणाले.

"बापू, सरक. चावत्याल."

"चावू देत. टेक म्हणतोय न्हवं!"

अण्णांनी कोपर टेकलं. कापरं थांबलं. थैली शांत झाली.

"तुझा चष्मा..." अण्णा म्हणाले.

"खिशात हाय. तुझ्यावर माझा इश्वास न्हाई."

माळावर पहिला हशा फुटला. माश्यांनाही तो चालला असावा, कारण एकही उठली नाही. मग आम्हाला धीर आला. मी पुढं झालो आणि अण्णांच्या कपाळावरचा घाम टॉवेलनं टिपला. एकानं छत्री आणून थैलीवर धरली, माश्यांना ऊन लागू नये म्हणून. दुसऱ्यानं अण्णांच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवली आणि मग ती पाजायची कशी यावर तिसऱ्याशी वाद घातला. जी माणसं दुपारभर लांब उभी होती, ती हाताच्या अंतरावर आली. सल्ले सुरू झाले. "गुडघा वाकीव." "श्वास पोटातनं घे."

आता दुसरी अडचण. दिवस मावळला की अण्णा जेवत नाहीत, पाण्याचा घोट तेवढा घेतात. जेवण दिवसाउजेडी. आणि सूर्य तर पन्हाळ्याकडं निघालेला. मी अक्काताईंना फोन लावला. काय झालंय ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तात्या, तुमी सांगताय म्हंजे निम्मं सोडून द्यायचं. माश्या हायत, का काठी हाय, का दोनीबी न्हाई?"

"दोन्ही हायत, वैनी. डबा घिऊन या."

रिक्षातून उतरल्या आणि बघत राहिल्या. "आवो! काय हे ध्यान!"

"आलीस व्हय?" अण्णा म्हणाले. "भूक लागलीया."

अक्काताईंनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, वर गुळाचा खडा. रिंगण तोडून त्या सरळ अण्णांसमोर उभ्या राहिल्या आणि एकेक घास भरवायला लागल्या. लग्नात भरवला होता तेव्हा अण्णा लाजले होते म्हणे. आत्ता लाजायला त्यांना सवड नव्हती.

"बापूंनाबी द्या की घास," मी म्हटलं.

"त्येंच्या नाकाला आधी इचारा, राग गेलाय का," अक्काताई म्हणाल्या.

"गेला, वैनी," बापू कोपराखालून, भरवलेला घास चावत म्हणाले. "भाजी लई दिसांनी अशी खाल्ली."

एक माशी येऊन गुळाच्या खड्यावर बसली. अक्काताईंनी तिच्याकडं बघितलं, वरच्या थैलीकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "आगं बाई! पावणं आल्यात दारात, आन् तुमी एकटंच जेवताय?" डब्याचं झाकण घेतलं, त्यात बाटलीतलं पाणी ओतलं, गूळ कुस्करला, आणि छत्री धरणाऱ्याच्या मोकळ्या हातात झाकण देऊन ते वर धरायला लावलं. माश्या उतरल्या. रांग लावून, एकमेकींना वाट देत. मी आमच्या भावकीतली जेवणं बघितली आहेत. इतकं शिस्तीत कुणी जेवलेलं नाही.

राजवर्धन एव्हाना परत आला होता. थोडा लांबच, पण आला होता. टोपी हातात. तोही टक लावून बघत होता.

जेवण झालं आणि पुढं गेलेल्या माश्या बातमी घेऊन आल्या. थैलीत खळबळ उडाली, सुटी सुटी झाली, पुन्हा ढग झाला. त्या ढगानं अण्णांच्या डोक्यावरून एक फेरी मारली, अक्काताईंच्या वरून एक मारली, आणि ओढ्यापलीकडं निघून गेला. माळावर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, त्या वाऱ्यानं ग्रीनवरचं निशाण हललं.

"संपलं!" मी म्हटलं. "अण्णा, काठी घ्या खाली."

"थांबा," अण्णा म्हणाले. "काही ऱ्हायल्यात."

खरंच, काठीच्या दांड्यावर पाचसहा माश्या चिकटून होत्या. गूळ जास्त झालेला, पेंगलेल्या. झटका दिला तर पडतील आणि पायाखाली येतील. अण्णा म्हणाले, "बापू, तू खाली बस. सावकाश."

बापू गुडघ्यातून वाकायला लागले. त्यांचे गुडघे असे वाजले की पलीकडच्या उसातून एक ससा पळाला. बापू वाकतील तसं अण्णांचं कोपर उतरायचं, कोपर उतरेल तशी काठी. पाठीमागनं डोक्यावर आली, डोक्यावरून पुढं आली, खांद्याच्या रेघेत आली. तिथं माश्या जाग्या झाल्या, पंख झाडले आणि एकीमागं एक उडाल्या.

काठी खांद्याशी. चेंडू जागेवर. ऊन पन्हाळ्याच्या माथ्याला टेकलेलं.

"आता सरक, बापू," अण्णा म्हणाले. "मारू दे."

"मी न्हाई सरकत," बापू खालनं म्हणाले. "सरकलो की तू काठी परत वर नेणार. मारायचं तर हितनं मार. माझं डोस्कं हाय हितं, ध्यानात ठेव."

अण्णांनी खाली बापूंच्या डोक्याकडं बघितलं. टक्कल, कडेनं पांढरे केस. आणि त्यांनी मारलं, खांद्यातनं, जिथं होतं तिथनं.

तो आवाज कसा होता ते सांगतो. पिकलेला नारळ दगडावर फुटावा तसा. चेंडू ओढ्यावरून गेला, बगळ्यांच्या रांगेतून गेला, बगळ्यांनी मान वाकवून वाट दिली. मावळतीच्या उन्हात जरा वेळ टेकला, खाली काय काय आहे ते बघितलं, आणि ग्रीनवर उतरून भोकापाशी जाऊन थांबला.

"भारी मारला!" सगळा माळ ओरडला.

राजवर्धन पुढं आला. "चांगला होता, अण्णा. पण काठी खांद्याच्या वर गेली होती. मी बघितलं."

"वर गेलती," बापू गुडघ्यांना हात लावत उठले, "पण मारला कुठनं? वर नेऊन आणली म्हंजे मारली असं हुतंय व्हय? मी तुझ्या दारापतोर येऊन माघारी गेलो तर जेवलो म्हणशील का?"

"बापू, तक्रार तुमचीच होती."

"तवाबी माझी आन् आताबी माझीच. माघारी घिऊ का ठिवू, ते मी बघतो!"

राजवर्धन हसला, पण नियम तो नियम. "वरनं मारला नाही, हे मान्य. पण बापूंचा खांदा लावून मारलेला फटका धरता येणार नाही. आणखी एक मारा. आधाराशिवाय. काठी खांद्यावर थांबली तर विषय संपला."

म्हणजे पुन्हा सगळं टांगणीला. अण्णांनी दुसरा चेंडू ठेवला. राजवर्धन म्हणाला, "लोकांनी मागं सरकावं."

कुणीच सरकलं नाही. अक्काताई डबा घेऊन अण्णांच्या पाठीशी, बापू त्यांच्या शेजारी, मी बापूंना खेटून, छत्रीवाला झाकण चाटत. अण्णांनी मान वळवून एकेकाकडं बघितलं. आम्ही इतके जवळ होतो की काठी खांद्याच्या वर गेली असती तर कुणाचं ना कुणाचं काहीतरी घेऊन गेली असती.

काठी निघाली. खांदा आला. काठी तिथं थांबली. थरथरली नाही, ओढून धरल्यासारखी दिसली नाही, दारात येऊन माणूस उभा राहावा तशी थांबली. हात दमले होते म्हणून, का आता मागं मोकळी जागा नव्हती म्हणून, का चेंडूला एवढं पुरतं हे नुकतंच कळलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही. अण्णांनाही सांगता आलं नाही. फटका बसला, आणि दुसरा चेंडू पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला.

राजवर्धननं टोपी डोक्यावर घातली. "सोमवारी सगळ्यांबरोबर या," म्हणाला, आणि मग राहवेना म्हणून, "भारी मारला, अण्णा."

तेव्हापासून अण्णांची काठी खांद्यापर्यंत जाते. फटका असा सरळ जातो की आम्हाला थट्टा करायला जागा उरलेली नाही. अडचण वेगळीच झाली आहे. अण्णा मारायला उभे राहिले की सगळा माळ हातातली कामं टाकून त्यांच्याभोवती जमतो. खेळणारे, न खेळणारे, आणि परवा तर कबनूरहून कुणाचा तरी पाहुणा मागाचा कारखाना बंद ठेवून नुसता बघायला आला होता. बापू अजून कोपरापाशीच उभे राहतात. गर्दी एवढी की बाकीच्यांचा खेळ अडतो. म्हणून काल राजवर्धननं नवा नियम लावायचं ठरवलं, मारणाऱ्यापासून चार हात लांब उभं राहायचं, आणि अण्णांना विचारलं, "हे तरी बरोबर ना?"

अण्णांनी चेंडू ठेवला, रिंगणाकडं बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे की जवळ. माझ्याकडनं कुणाला धक्का लागंना झालाय."

मागनं बापू ओरडले, "नाक चेंडूकडं!"

अण्णांनी नाक चेंडूकडं केलं.